टिटवाळ्याहून तलासरीस : गोदावरीबाई परुळेकर यांचे जीवितकार्य

कल्याणच्या पुढे कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर टिटवाळा हे स्थानक लागते. ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील कुटुंबांना हे गाव ठाऊक आहे ते तेथील गणपतीमुळे. चतुर्थीच्या दिवशी दर्शनास जाणाऱ्यांची तेथे रीघ लागते. परंतु याच गावी १९४५ च्या जानेवारीत शेतकऱ्यांची एक परिषद भरली होती, आणि त्या परिषदेपासून सुरू झालेल्या चळवळीने जिल्ह्याच्या उत्तर टोकास पिढ्यान् पिढ्या चालत आलेली एक गुलामगिरी अवघ्या काही महिन्यांत मोडून काढली, ही गोष्ट फारच थोड्यांच्या स्मरणात राहिली आहे. ती परिषद भरविण्यात व पुढील चळवळ उभारण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, त्या गोदावरीबाई परुळेकर यांचे चरित्र म्हणूनच ठाणे जिल्ह्यातील नागरिकांच्या घरचे चरित्र आहे.

या चरित्राकडे पाहताना एक प्रश्न आरंभीच मनात येतो. वेठ घेणे, म्हणजे माणसास त्याच्या इच्छेविरुद्ध राबविणे, हा १८६० च्या दंडसंहितेच्या ३७४ व्या कलमानुसार गुन्हाच होता. गुलामगिरीस न्यायालयांनी कोणताही आधार देऊ नये, असा कायदा तर १८४३ मध्येच झाला होता. मुंबई इलाख्याची राजधानी, तिचे उच्च न्यायालय, तिची वृत्तपत्रे व तिच्या समाजसुधारणेच्या संस्था या सर्व उंबरगाव व डहाणू या तालुक्यांपासून शंभर मैलांच्या आत होत्या. असे असता शंभर वर्षे कायदा कागदावर राहिला आणि वेठ शेतावर राहिली, हे घडले कसे? आणि जे शतकभर कायद्याने झाले नाही, ते १९४५ च्या एका पावसाळ्यात कसे झाले? गोदावरीबाईंच्या आयुष्यात या प्रश्नाचे उत्तर सापडते.

गोदावरी गोखले यांचा जन्म १४ ऑगस्ट १९०७ रोजी पुण्यास झाला. वडील वकील होते, घर सुखवस्तू व सुशिक्षित होते. मुलींनी शिकावे एवढी उदारता त्या घरात होती, आणि त्या उदारतेचा पुरेपूर लाभ घेऊन त्यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात पदवी संपादन केली व त्यानंतर कायद्याचीही परीक्षा दिली. कायद्याची पदवी मिळविणाऱ्या महाराष्ट्रातील पहिल्या स्त्रिया म्हणून ज्यांचा उल्लेख होतो त्यांत त्यांचे नाव अग्रभागी असते. वकिली करून प्रतिष्ठेचे जीवन जगणे त्यांना सहज शक्य होते. परंतु १९३२ च्या सत्याग्रहात त्या उतरल्या आणि त्यांना कारावास घडला. वडिलांना हे रुचले नाही. सुशिक्षित घराने मुलीस विचार करावयास शिकवावे आणि ती विचाराप्रमाणे वागू लागली म्हणजे चकित व्हावे, हा त्या काळच्या अनेक घरांतील अनुभव होता. तुरुंगातून सुटल्यावर गोदावरीबाईंनी घर सोडले व त्या मुंबईस आल्या.

मुंबईत त्यांनी भारत सेवक समाजाचे कार्य पत्करले. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेत आजन्म सेवेची दीक्षा घेणारे सर्व सभासद तोवर पुरुषच होते. गोदावरीबाई या संस्थेच्या पहिल्या स्त्री-आजीव सभासद होत. कामगार वस्त्यांतून त्यांनी साक्षरतेचे वर्ग चालविले. पुढे घरकाम करणाऱ्या गडीमाणसांची संघटना उभारण्याचा त्यांनी १९३८-३९ च्या सुमारास यत्न केला. गिरणी कामगारांच्या संघटना त्या वेळी होत्या, परंतु मध्यमवर्गाच्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या माणसालाही कामाचे तास व रजेचा दिवस असावा, ही कल्पना त्या वर्गास फारशी गोड वाटण्याजोगी नव्हती. दुसऱ्यांचे श्रम आपल्या घरापर्यंत कोणत्या वाटेने येतात, हे पाहण्याची दृष्टी त्यांना येथेच लाभली असावी.

भारत सेवक समाजातच त्यांचा परिचय शामराव परुळेकर यांच्याशी झाला. १९३७ च्या निवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे शामराव मुंबई विधिमंडळात निवडून आले होते. कोकणातील खोती पद्धती नष्ट व्हावी म्हणून जी चळवळ त्या पक्षाने चालविली, तिच्याशी त्यांचा निकट संबंध होता. १९३९ मध्ये गोदावरीबाई व शामराव यांचा विवाह झाला. त्याच सुमारास दोघांनीही कम्युनिस्ट पक्षात प्रवेश केला आणि भारत सेवक समाजाचा मार्ग सोडला. लोकांच्या वतीने गाऱ्हाणी मांडण्याऐवजी गाऱ्हाणी असणाऱ्या लोकांनीच संघटित व्हावे, हा या स्थित्यंतराचा गाभा होता. महायुद्धास विरोध केल्याबद्दल दोघांनाही लवकरच स्थानबद्ध करण्यात आले, आणि १९४२ पर्यंतचा काळ तुरुंगात गेला.

सुटकेनंतरचा काळ त्यांच्या दृष्टीने सोपा नव्हता. १९४२ च्या ऑगस्टमध्ये 'चले जाव' ची घोषणा झाली होती. कल्याणच्या पूर्वेस, मुरबाड तालुक्यातील सिद्धगडावर भाई कोतवाल व हिराजी पाटील यांनी २ जानेवारी १९४३ रोजी पोलिसांच्या गोळ्यांस तोंड देत प्राण वेचले. रशियावर हिटलरने आक्रमण केल्यानंतर कम्युनिस्ट पक्षाने मात्र युद्धास पाठिंबा दिला होता व तो ऑगस्टच्या चळवळीपासून अलिप्त राहिला होता. या धोरणाबद्दल जिल्ह्यातील राष्ट्रीय वृत्तीच्या लोकांत त्या पक्षाविषयी तीव्र रोष होता, आणि तो अकारण होता असे म्हणता येणार नाही. अशा परिस्थितीत परुळेकर दांपत्याने कल्याण, मुरबाड, शहापूर या भागांतील खेडी पायी हिंडून किसान सभेच्या कार्यास आरंभ केला. याच परिश्रमांतून टिटवाळ्याची परिषद साकार झाली, आणि महाराष्ट्रातील किसान सभेची प्रांतिक संघटना तेथे स्थापन झाली.

आता या परिषदेशी ज्यांचा संबंध पुढे आला, त्या वारल्यांच्या स्थितीकडे वळणे अवश्य आहे. ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागात, म्हणजे त्या वेळच्या उंबरगाव, डहाणू व पालघर या तालुक्यांत, वारली, कोकणा, धोडी, दुबळा इत्यादी जमातींची वस्ती होती व आहे. जमीन एके काळी यांचीच होती. परंतु रोख सारा भरण्याची पद्धत आली, सावकार आला, दारूचा गुत्ता आला, आणि हळूहळू जमीन सावकारांच्या व जमीनदारांच्या नावे चढली. मूळचा मालक त्याच जमिनीवर कूळ बनला. कुळाने मालकास धान्याच्या रूपाने मक्ता द्यावयाचा, आणि तो देऊन झाल्यावर पावसाळ्यात घरात दाणा उरला नाही म्हणजे त्याच मालकाकडून खावटी आणावयाची. खावटी म्हणजे पोट भरण्यापुरते कर्जाऊ धान्य. हंगामानंतर ते वाढीसह परत करावयाचे. ते फेडले की पुढच्या पावसाळ्यात पुन्हा कोठार रिकामे. हे चक्र एकदा फिरू लागले म्हणजे ते थांबविण्याचा उपाय कुळाच्या हाती उरत नसे.

या कर्जाच्या जोडीस वेठ असे. मालकाचा निरोप आला की आपले शेत तसेच टाकून मालकाच्या शेतावर जावयाचे, तेही मजुरीवाचून, किंवा जेमतेम एका वेळच्या अन्नावर. मालकाची नांगरणी आधी व कुळाची मागाहून. मालकाची लावणी आधी, आणि तोवर पाऊस निघून गेला तर ते कुळाचे दैव. याहूनही दुःसह प्रकार लग्नगड्याचा होता. लग्नाच्या खर्चाकरिता वारली तरुणाने मालकाकडून थोडे पैसे उचलले, की त्या पैशांच्या फेडीसाठी तो व त्याची नववधू अशी दोघेही मालकाच्या घरी राबू लागत. हिशेब मालकाच्या वहीत, वही मालकाच्या घरात, आणि अक्षरओळख फक्त मालकास. तेव्हा कर्ज फिटल्याचा दिवस बहुधा उजाडतच नसे. माणूस वृद्ध झाला तरी लग्नगडीच राही. स्त्रियांची अब्रूही या व्यवस्थेत सुरक्षित नव्हती. मुंबई सरकारने आदिवासींच्या चौकशीसाठी नेमलेले अधिकारी डी. सिमिंग्टन यांनी आपल्या अहवालात वेठ, मारहाण व स्त्रियांवरील जुलूम यांची नोंद केली आहे. तो अहवाल १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्थात सरकारला काही ठाऊक नव्हते असे मुळीच नाही.

शहरातील घरांचा या सर्वांशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध होता, आणि तो रोजचा होता. मुंबईच्या तबेल्यांतील जनावरांसाठी जे गवत आगगाडीने जाई, त्यातील पुष्कळसे याच डोंगरउतारांवर वारल्यांनी कापलेले असे. शहरात लागणारा इमारती माल, जळाऊ लाकूड व कोळसा या जंगलांतून येई, आणि तो तोडणारे हात त्यांचेच असत. शहरवासीयांच्या सकाळच्या दुधापासून चुलीतील जाळापर्यंत वेठीची ही साखळी पोचलेली होती. तिचे दुसरे टोक कोणास दिसत नव्हते, एवढेच.

आदिवासींची सेवा करणारी मंडळी त्या भागात नव्हती असे नाही. बाळासाहेब खेर यांनी १९४० मध्ये आदिवासी सेवा मंडळ स्थापन केले. आचार्य भिसे यांनी बोर्डी येथे शिक्षणाच्या कार्यास वाहून घेतले. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथेच ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, आणि अनुताई वाघ यांच्या साहाय्याने ते कार्य पुढे कोसबाडच्या टेकडीवर नावारूपास आले. ही सर्व कार्ये आदरणीय होत. परंतु शाळेत येणाऱ्या मुलाचा बाप जोवर मालकाच्या निरोपाचा बांधील आहे, तोवर त्या मुलाच्या पाटीवर कोरलेले अक्षर किती दिवस टिकणार, हा प्रश्न शिल्लक राहतच होता.

टिटवाळ्याच्या परिषदेस उंबरगाव तालुक्यातून मूठभर वारली आले होते. एवढ्या शेतकऱ्यांस एकत्र बसून सावकाराविरुद्ध मोकळेपणाने बोलताना त्यांनी प्रथमच पाहिले. ज्या दुःखास ते आपले प्राक्तन समजत होते, त्याविषयी ठराव मांडता येतो व त्यास हजारो हात अनुमती देतात, हे दृश्य त्यांना नवीन होते. परिषद संपल्यावर त्यांनी आपल्या मुलखात येण्याचा आग्रह केला, आणि त्याप्रमाणे शामराव व गोदावरीबाई उंबरगाव तालुक्यात गेले. गोदावरीबाई वारल्यांच्या झोपड्यांतून राहिल्या, त्यांची भाकर खाल्ली, त्यांची बोली आत्मसात केली. पुण्याच्या कायदेपंडित बाई पुढे त्या रानात 'गोदाराणी' म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या.

२३ मे १९४५ रोजी तलासरीजवळ झरी येथे वारल्यांची परिषद भरली. सुमारे पाच हजार आदिवासी जमले होते. तेथे झालेले निर्णय अगदी साधे होते. यापुढे वेठ करावयाची नाही. लग्नगडी म्हणून कोणी राबावयाचे नाही. मालकाच्या शेतावर काम करावयाचे तर दिवसाची बारा आणे रोख मजुरी घेऊन. या ठरावांची भाषा सोपी होती, परंतु त्यांची वेळ फार मार्मिक होती. मे महिन्याच्या अखेरीस पाऊस दोन आठवड्यांवर आलेला असतो. राब भाजून झालेले असतात, नांगर धरण्यास माणूस लागतो, आणि मृग कोणासाठी थांबत नाही. वर्षभरात मालकास मजुराची सर्वांत अधिक निकड याच दिवसांत भासे. जी वेळ आजवर वारल्याच्या शेताचा घात करीत आली होती, तीच आता त्याच्या हातचे बळ ठरली.

परिषदेनंतर लोक लाल निशाण घेऊन गावोगाव हिंडू लागले. लग्नगड्यांना मालकांच्या वाड्यांतून बाहेर बोलावून 'तू आता मोकळा आहेस' असे सांगण्यात येई. कोणत्याही न्यायालयात दावा लागला नाही, कोणताही हुकूमनामा निघाला नाही. उंबरगाव तालुक्यातील वेठ काही आठवड्यांत बंद पडली आणि पाठोपाठ डहाणू तालुक्यातही ती मोडली. येथे आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. वेठीचा पाया कर्ज हा नव्हता, कायद्याचा अभाव हाही नव्हता. एकटा वारली नाही म्हणाला तर त्याचे काय होईल, ही भीती हाच तिचा पाया होता. सर्वांनी एका दिवशी नाही म्हटल्याबरोबर तो ढासळला.

परंतु जमीनदार स्वस्थ बसणार नव्हते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात गवतकापणीचा हंगाम आला. पाचशे पौंड गवतास अडीच रुपये मिळाल्यावाचून विळा उचलावयाचा नाही, असे वारल्यांनी ठरविले व संप पुकारला. याच वेळी गोदावरीबाईंच्या जिवास धोका असून त्यांच्या रक्षणासाठी सर्वांनी जमावे, अशी खोटी आवई उठविण्यात आली. ती ऐकून १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे हजारो आदिवासी गोळा झाले. वास्तविक गोदावरीबाई तेथे नव्हत्याच. जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण ठार झाले. ज्या बाईंच्या केवळ नावाने एवढे लोक धावून आले, त्यांच्यावर या घटनेने केवढे दायित्व टाकले असेल, याची कल्पना करता येते. लोकांनी शांत राहावे, प्रतिहल्ला करू नये, परंतु संप सोडू नये, असा सल्ला पुढाऱ्यांनी दिला. तो मानला गेला, आणि मजुरीची मागणी अखेर मालकांना मान्य करावी लागली.

तलवाड्याच्या गोळीबाराच्या वेळी मुंबई प्रांतात गव्हर्नरचा कारभार होता. १९४६ च्या एप्रिलमध्ये बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले, आणि गृहखाते मोरारजी देसाई यांच्याकडे गेले. आदिवासी सेवा मंडळाचे संस्थापकच मुख्यमंत्री झाल्यावर परिस्थिती पालटेल, अशी अपेक्षा करणे स्वाभाविक होते. त्या वर्षाच्या अखेरीस जंगलतोडीच्या मजुरांनी दिवसास सव्वा रुपया मजुरीसाठी संप केला. सरकारच्या दृष्टीने मात्र हा मजुरीचा वाद नव्हता, तो सुव्यवस्थेस आव्हान देणारा कम्युनिस्टांचा कट होता. परुळेकर पतिपत्नी व त्यांचे सहकारी यांच्यावर जिल्हाबंदीचे हुकूम निघाले. १९४७ च्या जानेवारीत पालघर तालुक्यातील नानिवली येथे पुन्हा गोळीबार झाला आणि पुन्हा पाच आदिवासी मरण पावले. परक्या राज्यातील गोळी व स्वकीयांच्या राज्यातील गोळी यांत वारल्यास काही भेद दिसला नसेल, तर त्यास दोष देणे कठीण आहे. याच वर्षी शामरावांनी या लढ्याचा वृत्तांत इंग्रजीत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला.

याच वर्षांत आशियाच्या आग्नेय टोकास जवळजवळ याच स्वरूपाचा झगडा चालू होता, आणि त्याची तुलना उद्बोधक आहे. फिलिपाईन्स बेटांतील लुझॉनच्या मैदानी प्रदेशात कुळे आपल्या भातापैकी निम्मा वाटा जमीनदारास देत व धान्याच्या कर्जात बुडून जात. त्यांचे पुढारी लुईस तारुक यांचा जन्म १९१३ चा. १९४२ पासून त्यांनी जपानी सैन्याविरुद्ध शेतकऱ्यांचे 'हुक' नावाचे सशस्त्र दल लढविले. १९४६ मध्ये ते तेथील लोकसभेवर निवडूनही आले. परंतु त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना सभागृहात बसू देण्यात आले नाही. मतपेटीची वाट अशा रीतीने बंद झाल्यावर ते पुन्हा रानात गेले, अनेक वर्षे यादवी माजली, आणि १९५४ मध्ये तारुक शरण आले. पुढे १९६८ पर्यंत ते बंदिवासात होते. २००५ मध्ये त्यांचा अंत झाला. तारुक आणि परुळेकर यांची मूळ कुळकथा एकच आहे, परंतु तिचा शेवट वेगळा झाला. याचे एक कारण गोळीबारानंतरही वारल्यांनी दाखविलेला संयम हे होय, आणि दुसरे कारण असे की, येथे मतपेटीची वाट अडविली गेली नाही.

ती वाट निष्कंटक होती असे मात्र समजू नये. स्वतंत्र भारतातही शामरावांना प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा वारंवार लागू झाला. 'शामराव विष्णु परुळेकर विरुद्ध जिल्हा दंडाधिकारी, ठाणे' या नावाचे दोन निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यांत आढळतात, एक १९५२ चा व दुसरा १९५६ चा. दोन्ही वेळा त्यांचे अर्ज फेटाळले गेले. परंतु न्यायालयाने ज्यांना मुक्त केले नाही त्यांना मतदारांनी प्रतिनिधी केले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याच्या लाटेत, १९५७ च्या निवडणुकीत शामराव ठाणे मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. त्या वेळी ठाणे मतदारसंघास दोन जागा होत्या व त्यांपैकी एक आदिवासींसाठी राखीव होती. त्या जागेवर त्यांच्याच पक्षाचे लक्ष्मण महादू मातेरा विजयी झाले. बारा वर्षांपूर्वी ज्या समाजास मालकापुढे मान वर करण्याची मुभा नव्हती, त्या समाजाचा माणूस देशाच्या लोकसभेत बसला. निवडणुकीच्या इतिहासात या घटनेस मिळावे तितके महत्त्व मिळालेले नाही.

पुढे चीनशी झालेले युद्ध व कम्युनिस्ट पक्षातील फूट यांच्या काळात उभयतांना पुन्हा तुरुंगात जावे लागले. १९६४ मध्ये पक्ष दुभंगला तेव्हा ते मार्क्सवादी पक्षात गेले. ३ ऑगस्ट १९६५ रोजी स्थानबद्धतेत असतानाच, मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात, शामरावांचे देहावसान झाले. छत्तीस वर्षांचा नव्हे, सव्वीस वर्षांचाच संसार, आणि त्यातीलही कित्येक वर्षे कारागृहाच्या भिंतींनी विभागलेली. या आघातानंतर गोदावरीबाईंनी लेखणी हाती घेतली. वारल्यांच्या उठावाची हकीकत सांगणारे त्यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक १९७० मध्ये प्रसिद्ध झाले व १९७२ मध्ये त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. तुरुंगातील अनुभवांवर त्यांनी 'बंदिवासाची आठ वर्षे' हे दुसरे पुस्तक लिहिले. पहिल्या पुस्तकाचे नाव अर्थपूर्ण आहे. त्यात पुढारी माणसास जागा करतो असे म्हटलेले नाही, माणूस जागा होतो असे म्हटले आहे. क्रियेचा कर्ता कोण, याविषयी लेखिकेच्या मनात संदेह नव्हता.

गोदावरीबाईंच्या राजकीय मतांशी सर्वांचे एकमत होणे शक्य नाही. पक्षाच्या १९४२ मधील भूमिकेची किंमत त्यांच्या चळवळीस दीर्घकाळ मोजावी लागली, हे वर आलेच आहे. शिवाय वेठ मोडली तरी जमिनीचा प्रश्न तेवढ्याने सुटला नाही. १९४८ चा कूळकायदा झाला, आणि त्यातील दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरून कसणारा कूळ जमिनीचा मालक मानला गेला. तथापि ज्यांचे नाव कुळाच्या रकान्यात कधी चढलेच नव्हते, त्यांना या कायद्याचा लाभ सहजासहजी मिळाला नाही. वनखात्याच्या हद्दीत पिढ्यान् पिढ्या कसलेल्या तुकड्यांची मालकीही अनिर्णीत राहिली. या जमिनींवरील आदिवासींचा हक्क मान्य करणारा कायदा संसदेने संमत केला तो थेट २००६ मध्ये. वेठबिगारीचे समूळ उच्चाटन करणारा देशव्यापी कायदाही १९७६ चा आहे, म्हणजे झरीच्या ठरावानंतर एकतीस वर्षांनी आलेला. ज्या गोष्टीस कायद्याने इतका अवधी घेतला, ती अक्षरशत्रू माणसांनी एका सभेत ठरविली होती.

उत्तरायुष्यातही गोदावरीबाईंचे कार्यक्षेत्र बदलले नाही. १९७७ मध्ये डहाणू मतदारसंघातून लहानू कोम हे त्यांच्या चळवळीत वाढलेले आदिवासी कार्यकर्ते लोकसभेवर निवडून गेले. गोदावरीबाई स्वतः १९८६ मध्ये अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या. त्या पदावर आलेल्या त्या पहिल्या स्त्री होत. ८ ऑक्टोबर १९९६ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. तलासरीस त्यांच्या व शामरावांच्या नावाने महाविद्यालय आहे. ज्या प्रदेशात मालकाची वही कोणास वाचता येत नव्हती, तेथे उभे राहिलेले हे स्मारक पुतळ्याहून अधिक बोलके म्हटले पाहिजे.

१९६० मध्ये राज्यांच्या विभागणीत उंबरगाव तालुक्याचा बराचसा भाग गुजरातेत गेला व तलासरीचा भाग महाराष्ट्रात राहिला. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचेही विभाजन होऊन तलासरी, डहाणू, पालघर हे तालुके नव्या पालघर जिल्ह्यात गेले. टिटवाळा आज कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. नकाशावर या चळवळीची दोन टोके आता दोन निरनिराळ्या जिल्ह्यांत पडली आहेत. परंतु २०१८ च्या मार्चमध्ये, वनजमिनीच्या मागणीसाठी नाशिकहून निघालेला किसान सभेचा मोर्चा कसारा घाट उतरून, ठाणे ओलांडून मुंबईस गेला, तेव्हा त्यातील हजारो पावले प्रामुख्याने आदिवासी शेतकऱ्यांचीच होती. शालान्त परीक्षेस बसलेल्या शहरातील मुलांचा खोळंबा होऊ नये म्हणून अखेरचा टप्पा त्यांनी रात्री चालून संपविला, आणि वाटेतील नागरिकांनी त्यांना अन्नपाणी दिले. १९४५ मध्ये साखळीचे दुसरे टोक शहरास दिसत नव्हते, या वेळी ते दारावरून चालत गेले.

कायदा हवाच, त्याचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. गोदावरीबाई स्वतः कायद्याच्या पदवीधर होत्या. परंतु कायदा हा कुलपासारखा आहे. त्याची किल्ली ज्याच्या हिताची ती त्याच्याच हाती असावी लागते, आणि ती हाती घेण्याचे धैर्य त्यास एकट्याने क्वचितच येते. ते धैर्य शेकडो माणसांत एकाच वेळी कसे उत्पन्न होते, हे ज्यांना जाणावयाचे असेल त्यांनी झरीच्या परिषदेचा वृत्तांत अवश्य वाचावा. सभा वारल्यांची होती, ठराव त्यांचा होता, आणि तो पाळण्याची जोखीमही त्यांचीच होती. गोदावरीबाईंचे मोठेपण हे की, त्यांनी ते श्रेय कधी आपल्याकडे घेतले नाही.